पथ्य नेमकं कोणी पाळायचं?

आपल्या भाषेत 'पथ्य' हा शब्द औषधाच्या शेजारी बसतो, पण बोलतो मात्र स्वभावाबद्दल. शब्द पाळतात, व्रत पाळतात, तसं पथ्यही 'पाळायचं' असतं. म्हणून एखाद्या पेशंटबद्दल कुणी "ते पथ्य पाळत नाहीत" असं म्हणालं की ती आजाराची नोंद राहत नाही. तो माणसावरचा शेरा होतो. ऐकणारा पुढचं वाक्य मनातच पूर्ण करतो: मग भोगा.

हा शेरा कधी रास्त असतो आणि कधी अन्याय, हा प्रश्न मला ज्या आजाराने घातला त्याचं नावही काही वर्षांपूर्वी मला माहीत नव्हतं. किडनी हळूहळू निकामी होत जाते, तसं रक्तवाहिन्यांच्या भिंतींमध्ये आणि हृदयाच्या झडपांवर कॅल्शियम साचत जातं. डॉक्टर त्याला व्हॅस्क्युलर कॅल्सिफिकेशन म्हणतात. डायलिसिसवरची माणसं ज्या कारणांनी जातात, त्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार सगळ्यात वर आहेत आणि त्यामागे या साचण्याचा मोठा हात आहे. यावर जो उपचार होतो त्याचा बराचसा भाग म्हणजे पथ्य आणि गोळ्या. म्हणजेच बराचसा भाग पेशंटच्या गळ्यात.

मी वाळूजला राहतो. इथे 'क्षार' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडावर पांढरा थर बसतो, गीझरची कॉइल दोन वर्षांत जाते. त्यामुळे मामांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलंय असं कळल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकच निदान केलं: पाणी. मामी तर म्हणाल्या, "गीझर जसा ॲसिड टाकून साफ करतात, तसं काही करता येत नाही का यांचं?"

प्रश्न भाबडा नाही. डॉक्टरांनाही फार काळ असंच वाटत होतं. रुडॉल्फ विर्चो या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ साली शरीरात भलत्या जागी साचणाऱ्या कॅल्शियमचं वर्णन केलं. पुढची शंभरेक वर्षं हे साचणं म्हणजे पाइपमध्ये बसणारा खार, असंच धरलं जाई. पण पाइप निर्जीव असतो, रक्तवाहिनी जिवंत असते. २००० साली सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाच्या रक्तवाहिनीतल्या स्नायूपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांना जास्त फॉस्फेटमध्ये ठेवलं. त्या पेशींमध्ये हाड घडवणाऱ्या पेशींची लक्षणं दिसू लागली आणि त्यांच्याभोवती कॅल्शियम जमलं. म्हणजे हा नुसता खार नाही. शरीर हाडं बांधण्याचं स्वतःचंच काम चुकीच्या जागी करू लागतं. ॲसिड टाकून खार निघतो, भिंतीत मुरलेलं हाड निघत नाही. साचलेलं कॅल्शियम खात्रीने विरघळवून रक्तवाहिनी पुन्हा मऊ करणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. जे काही करायचं ते वेग कमी करण्यापुरतं.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी डायलिसिसवरच्या तरुण मुलामुलींच्या हृदयाचे सीटी स्कॅन प्रसिद्ध केले. २० ते ३० वयोगटातल्या १६ जणांपैकी १४ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम होतं. तुलनेसाठी घेतलेल्या ६० निरोगी तरुणांपैकी फक्त तिघांच्या. ही बरोबर माझ्या वयाची माणसं. म्हातारपणाचा रोग म्हणून हे बाजूला ठेवता येत नाही.

रक्तवाहिनी कडक झाली तर काय बिघडतं? मामांनी चोवीस वर्षं इथल्याच एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये काढली, म्हणून त्यांना मी हायड्रॉलिक प्रेसच्या ॲक्युम्युलेटरचं उदाहरण दिलं. पंपाचा झटका ॲक्युम्युलेटर पोटात घेतो आणि दाब सारखा ठेवतो. हृदयातून निघणारी महाधमनी तेच करते: ठोका पडला की फुगते, दोन ठोक्यांच्या मध्ये आक्रसून रक्त पुढे ढकलते. ती कडक झाली की प्रत्येक झटका थेट बसतो. वरचं बीपी चढतं, खालचं उतरतं, हृदयाचा स्नायू जाड होत जातो. मामा म्हणाले, "म्हणजे ॲक्युम्युलेटर गेलाय आणि मशीन चालूच आहे."

हे त्यांना कळलं एका साध्या एक्स-रेमुळे. पोटाचा, एका बाजूने काढलेला. मणक्यांच्या पुढे एक पांढरी, किंचित वाकडी रेघ होती. डॉक्टर म्हणाले, "ही महाधमनी. साध्या एक्स-रेमध्ये ती अशी दिसायला नको." त्याच भेटीत रक्ताचा रिपोर्ट उघडला. फॉस्फरस ७.१, सर्वसाधारणपणे तो २.५ ते ४.५ असावा लागतो. आणि मग मामांकडे न बघता, मामींना उद्देशून: "हे पथ्य पाळत नाहीत."

मी सॉफ्टवेअरवाला. आकडा दिसला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. किडनीच्या पुस्तकांत एक ठोकळ हिशेब असतो, तो मी मामांच्या वहीत मांडला. पथ्याचं साधारण जेवण म्हणजे दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंत फॉस्फरस. त्यातला साधारण ६० टक्के आतड्यातून रक्तात जातो. दिवसाला ६००, आठवड्याला ४२००. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० निघतो. आठवड्याला तीन वेळा डायलिसिस केलं तर २४००. मामांचं होतं दोनदा: १६००. म्हणजे सांगितलेलं पथ्य तंतोतंत पाळूनही आठवड्याला २६०० मिलिग्रॅम शिल्लक. ती शिल्लक अडवायची ती जेवणासोबत घ्यायच्या फॉस्फेट बाइंडर गोळ्यांनी. कॅल्शियम ॲसिटेटची नेहमीची एक गोळी साधारण ३० मिलिग्रॅम फॉस्फरस पकडते. भागाकार करा: दिवसाला बारा गोळ्या. त्याही घासासोबत, कारण जेवण होऊन गेल्यावर घेतलेल्या गोळीला पकडायला काही उरलेलं नसतं.

आणि या स्वस्त गोळीत काय असतं? कॅल्शियम. बारा गोळ्या म्हणजे रोज दोन ग्रॅम कॅल्शियम, ज्याच्या रक्तवाहिन्यांत आधीच कॅल्शियम साचतंय अशा माणसाच्या पोटात. किडनीच्या आजारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली कॅल्शियमवाल्या गोळ्यांचं प्रमाण मर्यादित ठेवायला सुचवलं, ते म्हणूनच. कॅल्शियम नसलेली गोळी आहे, सेव्हेलामर. ती महाग पडते आणि मोठ्या संख्येने घ्यावी लागते.

हा हिशेब प्रत्येक माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. कुणाची किडनी थोडीफार काम करत असते, कुणाचं वजन कमी असतं. पण तो एक गोष्ट स्वच्छ दाखवतो. सात पॉइंट एक हा आकडा मामांच्या जिभेचा एकटीचा नव्हता. त्यात डायलिसिसचे तास होते, गोळीची किंमत होती, शहरापर्यंतचं जाणंयेणं होतं. शेरा मात्र एकट्या जिभेवर पडला.

आता जिभेकडेच येऊ. फॉस्फरस सगळ्या अन्नात सारखा नसतो. ज्वारी, बाजरी, डाळी यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो. तो सोडवणारं पुरेसं एन्झाइम आपल्या आतड्यात नसतं, त्यामुळे तो कमी शोषला जातो. दूध, अंडी, मटणातला त्याहून जास्त. आणि सगळ्यात जास्त, ९० टक्क्यांच्या आसपास, शोषला जातो तो कारखान्यात मिसळलेला फॉस्फेट: कोल्ड्रिंकमधलं फॉस्फोरिक ॲसिड, प्रोसेस्ड चीजमधली फॉस्फेटं, बेकरी आणि इन्स्टंट पदार्थांतली पायरोफॉस्फेटं.

पॅकेट उलटं करून बघा. आपल्याकडे लेबलवर ऊर्जा, प्रथिनं, साखर, चरबी, सोडियम लिहिणं सक्तीचं आहे. फॉस्फरस लिहिणं सक्तीचं नाही. तो दडलेला असतो घटकांच्या यादीत: आयएनएस ३३८, ३३९, ३४०, ४५०, ४५१, ४५२. कितव्या क्रमांकाचा आहे ते दिसतं, किती आहे ते कळत नाही. कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर सेकंड शिफ्ट सुटल्यावर दहा रुपयांचं पाकीट घेणाऱ्या माणसाने हे कसं वाचायचं? जे दिसतच नाही ते पाळायचं कसं?

इथपर्यंतचा प्रश्न न्यायाचा झाला. त्याच्या खाली दुसरा एक आहे, तो खरेपणाचा. समजा मामांनी सगळं पाळलं. फॉस्फरस ७.१ वरून ५ वर आला. मग ते किती जास्त जगतील?

संशोधनाचा इतिहास इथे नम्र करतो. २००२ साली डायलिसिसवरच्या २०० जणांच्या अभ्यासात सेव्हेलामर घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम कमी वाढलं. आनंदाची बातमी. २००७ साली दोन हजारांहून जास्त पेशंटांवरच्या चाचणीत मात्र एकूण मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. २०१२ साली सिनाकॅल्सेट या औषधाची ३८८३ जणांवरची मोठी चाचणी मुख्य निकषावर कसोटीला उतरली नाही. के जीवनसत्त्वाकडून मोठी आशा होती, चाचण्यांत ती फारशी टिकली नाही. मॅग्नेशियमने साचणं मंदावत नाही, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. २०२० सालची एक गोष्ट मला फार आवडली: फायटेटचाच एक क्षार डायलिसिसच्या वेळी शिरेतून देऊन बघितला, तर वर्षभरात हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम २० टक्क्यांऐवजी ११ टक्के वाढलं. (म्हणून भाकरी खाऊन नसा मऊ होतील असं नाही. शिरेतून दिलेलं औषध आणि ताटातली ज्वारी यांत फार अंतर आहे.) पण तीही चाचणी स्कॅनमधलं कॅल्शियम मोजत होती, आयुष्य मोजण्याइतकी मोठी ती नव्हती.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे हिरवे असतात आणि माणसं ॲप सोडून जात असतात. आकडा मोजायला सोपा म्हणून आपण तोच ध्येय समजू लागतो. केडिगोही वाढलेला फॉस्फरस सामान्य पातळीच्या दिशेने आणायला 'सुचवते', आणि या शिफारशीमागचा पुरावा दुबळा आहे हे स्वतःच नमूद करते. फॉस्फरस कडकपणे खाली ठेवला तर माणूस जास्त जगतो की थोडा सैल सोडला तरी तितकाच जगतो, हे तपासायला 'फॉस्फेट' याच नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी उभी करावी लागली, यातच सगळं आलं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टर मैत्रिणीने तो घेतला: "हे सगळं पेशंटला सांगितलंस तर तो उद्यापासून सगळंच सोडेल. शंका सांगणं तुला सोपं आहे. वॉर्डात मला उभं राहायचं असतं." तिच्या म्हणण्यात वजन आहे. पोटॅशियमचं पथ्य मोडलं तर माणूस एका रात्रीत जाऊ शकतो. पाण्याचं मोडलं तर फुप्फुसं भरतात. तिथे शंकेला जागा नाही. फॉस्फरस वाढलेल्यांमध्ये मृत्यू जास्त आढळतात, हेही खरं. पुरावा अपुरा आहे याचा अर्थ फॉस्फरस निरुपद्रवी आहे असा होत नाही. आणि मामांनीही दिवाळीत पेढे खाल्लेच होते, ते काही आयएनएस नंबराआड दडलेले नव्हते.

तरीही मला वाटतं, तिच्या भीतीचं उत्तर लपवाछपवी हे नाही. सगळ्या पथ्यांना एकाच आवाजात 'पाळा' म्हटलं की पेशंटला एका रात्रीत मारणारं कोणतं आणि दहा वर्षांत कदाचित नुकसान करणारं कोणतं, हा फरकच कळत नाही. मग तो मोडतो तेव्हा अंदाजाने मोडतो. खरी आशा केवढी आहे हे सांगितलं तर निदान काय मोडायचं हे तो शहाणपणाने ठरवू शकेल.

आणि रोज सोडून द्यायच्या घासालाही किंमत असते. ती रिपोर्टमध्ये येत नाही इतकंच. लग्नात पंगतीला न बसणं, आषाढीला वाळूजच्या छोट्या पंढरपूरला दर्शन घेऊन आल्यावर सगळे फराळ करत असताना बाजूला बसणं, शेंगदाण्याच्या कुटाला नाही म्हणणं. माणूस ज्या गोष्टींनी माणसांत राहतो, त्यातल्या निम्म्या ताटात असतात. खात्रीच्या फायद्यासाठी हे मागितलं तर ठीक. धूसर फायद्यासाठी मागायचं असेल तर मागणाऱ्याने निदान तो धूसर आहे हे सांगायला हवं. एवढा तरी मान त्या माणसाचा राखायला हवा.

आजाऱ्याच्या चारित्र्याचा हिशेब मांडण्याची सवय डायलिसिसला जन्मापासून आहे. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी पुन्हा पुन्हा डायलिसिस करता येईल अशी नळी बनवली. यंत्रं मोजकी होती, म्हणून कुणाला जगवायचं हे ठरवायला सात जणांची समिती नेमली गेली. १९६२ साली 'लाइफ' मासिकाने तिच्याबद्दल लिहिलं तेव्हा लोक हादरले. समिती उत्पन्न बघत होती, शिक्षण बघत होती, चर्चला जाणं येणं बघत होती. पुढे १९७२ साली अमेरिकेने कायदा करून जवळजवळ सगळ्यांच्या डायलिसिसचा खर्च सरकारवर घेतला. आपल्याकडे २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत यंत्रं आली, हे मोठंच काम. समित्या गेल्या. पण कोण लायक आणि कोण नालायक ही भाषा मला अजून 'पथ्य पाळत नाहीत' या तीन शब्दांत ऐकू येते.

माझं म्हणणं इतकंच आहे: जबाबदारी ताकदीच्या प्रमाणात वाटली पाहिजे. लेबलवर फॉस्फरसचा आकडा छापायला लावणं सरकारला एका नियमाने जमतं. पेशंटला ते जन्मभर अंदाज बांधून जमत नाही. डायलिसिसचे तास वाढवणं व्यवस्थेच्या हातात आहे. फॉस्फरस पेशींमधून रक्तात सावकाश येतो, म्हणून तिथे वेळेला फार महत्त्व आहे. रात्रभर सहा ते आठ तास चालणाऱ्या डायलिसिसमध्ये तो इतका निघतो की अनेकांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या बंदच. सरकारी हिशेबात डायलिसिसची खेप धरताना तासही धरले आणि गोळीही धरली, तर सात पॉइंट एक खाली आणायला मामांपेक्षा ती वही जास्त कामाची ठरेल. आणि त्याच्याही आधी, डायबेटिस किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी. कॅल्शियमचं साचणं डायलिसिसची वाट बघत नाही, ते कितीतरी आधी सुरू होतं. इथे मात्र आपण, म्हणजे तुम्ही-मी, खरंच काही करू शकतो. घरी आईवडिलांची शुगर जुनी असेल तर ही तपासणी या महिन्यात करून घ्या.

या सगळ्यातून पेशंटचा वाटा शून्य होत नाही. तो लहान होतो आणि त्याच्या आवाक्यात येतो. दुसऱ्या एका ठिकाणच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी मामांना वेगळाच प्रश्न विचारला: "काका, कोणती एक गोष्ट सोडवणार नाही?" मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रविवारचं मटण." मॅडमनी लिहून घेतलं: दोन फोडी, रस्सा नाही, गोळी पहिल्या घासाबरोबर. त्याच्या बदल्यात कोल्ड्रिंक, पाकिटातलं फरसाण आणि बेकरीचा माल कायमचा बंद. मामांनी हात पुढे केला, सौदा झाल्यासारखा. गोळ्यांची डबी आता टिफिनच्या पिशवीतच असते.

पुढच्या रिपोर्टला फॉस्फरस ५.८ आला. त्यांच्या महाधमनीवर याचा काय परिणाम होईल हे कुणी सांगू शकत नाही, मीही नाही. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असू दे भाच्या. काय सोडलं ते माझं मला माहितीये, आणि कशासाठी सोडलं तेही."